अण्णाचे केस

गेल्या महिन्यात नातवाकडं पुण्याला गेलो होतो. चार पोरं मिळून भाड्याच्या खोलीत राहतात. रविवारची दुपार होती. खाली सतरंजी अंथरलेली, तिच्यावर कागद, पेन्सिली, आणि मधोमध रंगीत फासे. एक फासा तर वीस बाजूंचा. दारातूनच मी दरडावलं, काय रे, जुगार खेळता काय?

नातू हसला. म्हणाला, "आबा, जुगार नाही हो. गोष्ट आहे ही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. फाशावर काय पडतं त्यावर पुढचं ठरतं." खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो रचला आणि १९७४ साली छापला. सालाशी मी थबकलो. त्या सालाचं माझ्याकडं दुसरंच काही आहे, ते पुढं सांगतो.

"तू कोण झालास मग?"

"मी फॉलोअर आहे. एका देवीचा. मरणाची आणि नशिबाची देवी. रेव्हन क्वीन."

म्हणजे डोमकावळ्यांची राणी. पोरगं भगत झालेलं. ज्या घरानं देव नदीत टाकले, त्या घरातलं पोरगं पुण्यात बसून मरणाच्या देवीचं भगतपण करतंय, तेही हौसेनं, बिस्किटं खात. मी खाली बसलो आणि म्हटलं, सांग मला, कोण ही बया.

त्यानं सगळं सांगितलं. ही देवी २००८ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत आली. आधी ती माणूस होती, राणी होती. जुन्या मरणदेवाला मारून त्याच्या जागी बसली. तिचं खरं नाव सगळे विसरले. नशिबाचा धागा ती कातते, हिवाळा तिच्या हुकमात, मेलेल्या जिवाची वाट तिच्या हातात. मेलेलं मढं पुन्हा उठून चालायला लागलं तर तिला ते खपत नाही. तिचे भगत काळे कपडे घालतात. मी विचारलं, भगतांना नियम काय घालून दिलेत? त्यानं मोबाईलवर बघून एकेक नियम मराठीत करून सांगितला. जो सोसतो, मरतो, त्याची कीव करू नका, मरण हा जगण्याचा ठरलेला शेवट आहे. आणि जो माजानं नशिबाच्या साखळ्या झुगारू बघेल त्याला खाली ओढा. तिसरा नियम कुठल्याशा राक्षसाचा पंथ निपटून काढण्याचा होता, तो राहू द्या.

दोस्तांनो, दुसरा नियम ऐकला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी अमेरिकेत कचेरीत बसून करमणुकीसाठी देवी रचावी आणि तिच्या तोंडी गावच्या पाटलाची भाषा यावी! आपल्या माणसानं पायात वहाण घातली, लग्नात घोडा आणला, की गाव तेच म्हणायचं. माज आलाय. खाली ओढा.

फरक एवढाच की त्या पोरांना माहीत आहे, देवी कुणी लिहिली ते. पुस्तकावर लेखकांची नावं छापलेली असतात. आमच्या कपाळावर लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला कुणी कधी सांगितलं?

आमच्यात लिहिणारी सटवाई. पोर जन्मलं की पाचव्या रात्री तिची पूजा. पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा जागता ठेवायचा, आणि शेजारी कोरा कागद अन् लेखणी. रात्री सटवी येते अन् पोराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. आमची आज्जी सांगायची, तिच्या घरात लेखणी यायची ती फक्त पाचवीला. तीही मागून आणलेली, सकाळी परत करायची. महारवाड्यात कुणाला अक्षर येत नव्हतं, येऊ द्यायचं नव्हतं. सगळ्या वाड्यात लिहिता येणारी एकटी सटवी, अन् ती तरी काय लिहायची? मेलेली ढोरं ओढ, मरणाचा सांगावा घेऊन दहा कोस पळ, सरणाची लाकडं फोड, मढ्यावरचं कापड उचल. घराघरात तेच. एवढा कोरा कागद दिला तरी बाईला दुसरी ओळ सुचली नाही.

तर नशिबाची सटवी आणि मरणाची मरीआई. मरीआई म्हणजे पटकीची, कॉलऱ्याची देवी. तिचं देऊळ, देऊळ कसलं, शेंदूर फासलेले धोंडे, ते आमच्याच वाड्याच्या तोंडाशी. गावाला वर्षभर तिची आठवण नसायची. पटकी आली की वाड्यातल्या बाया नैवेद्य घेऊन आमच्या वेशीला यायच्या, एरवी आमची सावली चुकवणाऱ्या. आषाढात रेडा मारायचा तो आमच्या माणसांनी. त्याचं रक्त दाण्यात कालवून गावाच्या शिवेवरनं रात्री शिंपत फिरायचं तेही आमच्या माणसांनी. देवीचा गाडा ओढत नेऊन पुढच्या गावच्या हद्दीत सोडून यायचा तोही आम्हीच. पुढच्या गावचे महार तो आणखी पुढं ढकलायचे. आणि याला म्हणायचे मान! महारांचा मान! आमची म्हातारी माणसं या मानासाठी आपसात डोकी फोडत. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये, ते १९८६ साली पुस्तक होऊन आलं, हा आषाढ सगळा आहे. नसेल वाचलं तर वाचा, मी त्यात भर घालत नाही.

मी सांगणार आहे ते अण्णाचं. अण्णा माझा चुलता. आज्जीची आधीची दोन पोरं गेली होती. अण्णा पोटात होता तेव्हा तिनं मरीआईला नवस केला, ह्ये जगलं तर तुला वाहीन. ते जगलं. मग अण्णाच्या केसाला कधी कात्री लागली नाही. तो पोतराज झाला. उघडं अंग, कमरेला खणांचा घागरा, पायात घुंगरं, कपाळभर हळद-कुंकू, हातात पिळाचा आसूड. चुलती डोक्यावर देवीचा देव्हारा घेऊन पुढं, गळ्यात ढोलकं. गावोगाव फिरायचं. दारात उभं राहून स्वतःच्या अंगावर आसूड ओढायचा. दंडाला दोरी आवळून सुई टोचायची. रक्त दिसलं की सुपातनं दाणे पडायचे. माझ्या लहानपणी अण्णा आंघोळीला बसला की मी त्याच्या पाठीकडं बघत राहायचो. पाठ नव्हतीच ती, नांगरलेलं रान.

१९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. पुढच्या वर्षी आमच्या वाड्यानं खंडोबा, म्हसोबा, सगळं पाटीत भरून नदीत सोडलं. आज्जीनंही आपले टाक दिले. मरीआई मात्र दिली नाही. बापानं लई समजावलं. ती म्हणाली, माझ्या पोराचा जीव तिच्याकडं गहाण हाय, तिला बुडवली अन् ह्यो बी बुडला तर? घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात अण्णाचा देव्हारा. वाड्यातले लोक हसायचे. आज्जी दोघांनाही हात जोडायची.

१९७२ चा दुष्काळ आला. मी पंधरा वर्षांचा. गावच्या विहिरीला तळाशी थोडं पाणी होतं, ते आम्हाला नव्हतं. आम्ही ओढ्याच्या वाळूत खड्डा खणायचो आणि झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचो. त्याच ओढ्यात वरच्या अंगाला ढोरं मरून पडलेली. तालुक्याहून एक माणूस आला, गावच्या विहिरीत औषधाची पावडर टाकली, पाटलाच्या घरी चहा घेतला आणि गेला. आमच्या खड्ड्याकडं त्यानं बघितलंही नाही. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. त्याला हगवण-वांत्या सुरू झाल्या. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. अण्णाला बोलावलं. अण्णानं त्या रात्री दारापुढं जे अंग फोडून घेतलं ते मी आजही विसरलो नाही. आपल्या पुतण्यासाठी मारत होता, दाण्यासाठी नाही. पहाटे भाऊ गेला. आज्जी म्हणाली, सटवीनं चारच वर्सं लिवली व्हती.

मी पुढं शिकलो, पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हा कळलं, पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८४ साली कलकत्त्यात पाण्याच्या तलावात दाखवून दिला होता. त्याच्याही आधी १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हा रोग पाण्यातनं येतो. आणि १९७१ साली, माझा भाऊ मरायच्या एकच वर्ष आधी, बंगालच्या सीमेवर बनगावला निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून पटकीच्या रोग्यांना पाजलं. शंभरात तीस मरत होते, ते चाराच्या खाली आले. मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी. आमच्या घरात त्या रात्री मीठ होतं. देवीच्या नैवेद्याला उसना आणलेला गूळही होता, मडक्याखाली झाकलेला. चुलीला लाकडं होती, पाणी उकळता आलं असतं. कुणाला माहीत नव्हतं. ज्यांच्यापर्यंत कळणं पोचायचं त्यांची विहीर निराळी होती.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घातली. ती माणुसकीच्या हक्काची ओंजळ होती हे आपण भाषणात म्हणतो, बरोबरच आहे. मला ती जीव वाचण्याची ओंजळही वाटते. पाणी त्यांच्याकडं ठेवून पाण्याच्या रोगाची देवी आमच्या वेशीला बसवली होती.

आता १९७४. मी जुन्या अकरावीला, तालुक्याच्या वसतिगृहात. मुंबईत १९७२ ला पँथर उभी राहिली होती, तिचं वारं आमच्यापर्यंत आलं होतं. मुंबईहून सायक्लोस्टाईल केलेली पानं यायची, शाईनं हात काळे व्हायचे, आम्ही ती रात्र रात्र वाचायचो. आपणही काहीतरी केलं पाहिजे. काय करायचं? मी म्हटलं, माझ्याच घरात पोतराज आहे, तिथनं सुरू करू.

आषाढातली दुपार होती. अण्णा फिरून येऊन लिंबाखाली झोपला होता. आम्ही चौघं. दोघांनी हात धरले, एकानं पाय. कात्री माझ्या हातात. शिंप्याकडनं मागून आणलेली. केस कमरेपर्यंत, तेला-हळदीनं दोरखंड झालेले. कात्री चालेना. करवतल्यासारखे कापावे लागले. अण्णाला आधी काही कळलं नाही, मग कळल्यावर तो ओरडला. आसूडाखाली न ओरडणारा माणूस ओरडला. चुलती दारात उभी, पदर तोंडात. देव्हारा आम्ही उचलला आणि विहिरीत टाकला. मग बाबासाहेबांचा जयजयकार केला आणि एसटीनं परत गेलो.

त्याचा वृत्तांत मी लिहिला. असल्याच एका अंकात, असल्याच पानांवर, स्टेन्सिल मीच कापली. अंधश्रद्धेवर घाव, पोतराजाची मुक्तता, असं काहीतरी मोठ्या अक्षरात. अण्णा रडला हे त्यात नव्हतं. आम्ही त्याला विचारलं नव्हतं हेही नव्हतं. आज पन्नास वर्षांनी तो वृत्तांत दुरुस्त करतोय असं समजा.

पुढचं मी दोन वर्षं पाहिलंच नाही, मी कॉलेजात. आईकडून कळत गेलं. देवीचा कोप झाला नाही, कुणी मेलं नाही. आज्जी मात्र महिनाभर अण्णाला रात्रीचं उठून हात लावून बघायची, जिता हाय का. अण्णानं डोक्याला टॉवेल गुंडाळला तो कायमचा. गावानं दाणे बंद केले. रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम निघालं, तिथं तो आणि चुलती जायला लागली. खडी फोडायची सवय नाही, मुकादम पोतराज म्हणून हाका मारून चिडवायचा. आणि गावाचं काय अडलं? काही नाही. पुढच्या आषाढात मांगवाड्यातलं एक पोरगं आसूड घेऊन फिरायला लागलं. आम्ही खाली टाकलेलं ओझं आमच्याहून उपाशी घरानं उचललं, आणि आम्ही तिकडं कात्री घेऊन गेलो नाही, भाकरी घेऊनही गेलो नाही. ती आमची वस्ती नव्हती ना! हे लिहिताना लाज वाटते. पण तरुण पोरांच्या अंकात हे नाही लिहायचं तर कुठं लिहायचं?

१९८३ ला अण्णा अंथरुणाला खिळला. मी तेव्हा मास्तर झालो होतो. शेजारी बसलो होतो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्वा केस काढलंस त्ये बरंच केलंस. डोस्कं हलकं झालं. पर इचारून काढायचं व्हतंस रं." एवढंच. चुलतीनं त्याच्यामागं तो आसूड मला दिला. विहिरीत टाकायचा राहून गेला होता.

नंतर मी धनंजय कीरांचं बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा वाचत होतो, तर एका जागी अडकलो. १९३६ चा जून. येवल्याची घोषणा होऊन वर्ष व्हायचं होतं. परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, आराधी, जोगतिणी यांची सभा भरली आणि बाबासाहेब त्यांच्यापुढं बोलले. हे लाजिरवाणं जिणं सोडा म्हणाले. कठोर बोलले असतील, ते गोड बोलणारे नव्हतेच. पण ही माणसं हॉलमध्ये आली होती, आपल्या पायांनी, समोर बसून ऐकायला. हात-पाय धरून आणलेली नव्हती. ज्या अण्णाला आम्ही लिंबाखाली दाबून धरलं, तसल्याच माणसांपुढं बाबासाहेब उभे राहून युक्तिवाद करत होते. त्यांना मेंदू आहे हे धरून चालत होते. मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी वर्गात नीट शिकवता आलं नाही.

कपाळावरच्या लेखनाचा हिशोब बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये चुकता केलाय. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्यामागं निघाला. मागल्या जन्मीचं कर्म म्हणून तू गरीब, हा सिद्धांत कुणाच्या सोयीचा? समाजाला आणि राज्याला हात झटकता यावेत म्हणून तो रचला असावा, असं ते सरळ विचारतात. तेच त्या डोमकावळ्यांच्या राणीला विचारायचं. साखळी नशिबाची म्हणतेस, पण कुलपाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे?

हे मी त्या दुपारी पोरांपुढं बोललो. अण्णाचं सोडून बाकीचं. पोरं ऐकत होती, फासे तसेच पडलेले. त्यातला एक म्हणाला, पण काका, मरण नैसर्गिक आहे हे तर बुद्धही सांगतात, मग देवी चुकीचं काय बोलते? प्रश्न चांगला होता. मी त्याला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं पोर काखेत घेऊन ती बुद्धाकडं आली. बुद्ध म्हणाले नाहीत की मरण ठरलेलंच असतं, जा. म्हणाले, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरची. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात कुणी ना कुणी आपलं मेलेलं माणूस सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिला सगळं गाव सोबतीला मिळालं. मरण नैसर्गिक असल्याचं दोघं सांगतात, पण एक म्हणते म्हणून कीव करू नका, दुसरा माणसाला शेजाऱ्याच्या दारात पाठवतो. आणि माझ्या भावाचं मरण तर नैसर्गिकही नव्हतं.

नातू मला म्हणाला, आबा, २०१८ च्या पुस्तकात तिची गोष्ट बदलली आहे. आता ती मेलेल्यांच्या आठवणी गोळा करते, तिच्या किल्ल्यात साठवते. म्हटलं, बरं आहे की, तुमच्या देवी दहा वर्षांत सुधारतात.

रात्री पोरं झोपायला गेल्यावर मी नातवाला अण्णाचं सगळं सांगितलं. त्याच्या बापालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, आसूड अजून आहे का. आहे, ट्रंकेत. पुढच्या वेळी आणाल का म्हणाला.

काल घेऊन गेलो. चामडं वाळून लाकूड झालंय, मुठीला जुनं तेल. त्यानं हातात घेतला, पोरं बघत होती, त्यानं सहज आपल्या मनगटावर हलकाच मारला आणि हात झटकला. मग त्यानं कपाटाच्या वर, बाबासाहेबांच्या पुस्तकांशेजारी, कागदात गुंडाळून ठेवला. खेळ पुढं सुरू झाला. त्याचा भगत आता देवीचा दुसरा नियम मोडणार आहे म्हणे. सोबतच्या पोरांना ते पसंत नाही, गोष्ट सांगणारा म्हणतो असं केलंस तर तुझी सगळी ताकद जाईल. तासभर वाद चालला होता. मला शेवटची एसटी गाठायची होती, म्हणून काय ठरलं ते बघायचं राहिलं. रविवारी फोन करीन म्हणालाय.